तहकुबी, सूट आणि मुदतवाढ : साथीतले करविवरणाचे हंगाम

२४ मार्च २०२० या दिवशी दिल्लीतून दोन घोषणा झाल्या. दुपारी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले, की २०१८-१९ या आर्थिक वर्षाचे राहिलेले प्राप्तिकर विवरणपत्र ३१ मार्चऐवजी ३० जूनपर्यंत भरता येईल, पॅन आणि आधार जोडण्याची मुदतही तेवढीच वाढेल, आणि उशिरा भरलेल्या करावर वर्षाला बारा टक्क्यांऐवजी नऊ टक्के व्याज लागेल. रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी एकवीस दिवसांची टाळेबंदी जाहीर केली. दुसरी घोषणा सगळ्या देशाच्या लक्षात राहिली. पहिली लक्षात ठेवणारे लोक मोजके, आणि त्यांच्यात मी आहे. मी आपट्याला राहतो आणि पनवेलला करसल्लागाराचे काम करतो.

आपटा म्हणजे पनवेलहून रोह्याकडे जाताना सोमाटणे आणि रसायनीनंतरचे स्थानक. पाताळगंगेच्या काठचे हे गाव बाहेरच्यांना ठाऊक असते ते एका हिंदी चित्रपटातल्या शेवटच्या गाडीमुळे. ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मधली काजोल ज्या फलाटावरून धावली तो आमचा फलाट. २२ मार्च २०२० पासून त्या फलाटावर प्रवासी गाडी थांबेनाशी झाली. पनवेलच्या कार्यालयातल्या कपाटात लोकांच्या फायली, आणि त्या फायलींचा धनी आपट्याच्या घरात, अशी माझी अवस्था होती. टाळेबंदीतून वगळलेल्या सेवांच्या यादीत बँका होत्या, विमा होता, कोषागार होते. कराचे कागद लिहिणारे नव्हते. कर भरण्याची तारीख मात्र होतीच.

साथींच्या इतिहासात डॉक्टर येतात, परिचारिका येतात, पायी निघालेले मजूर येतात, आणि ते यायलाच हवेत. पण साथ असो वा दुष्काळ, सरकारच्या महसुलाचे चक्र पुरते कधी थांबत नाही. ते चालू राहायचे तर कुणीतरी कागद लिहावा लागतो, आणि ज्याच्या नावाने कागद लिहायचा त्याला नियमाचा अर्थ सांगावा लागतो. या मधल्या माणसाविषयी फारसे लिहिलेले सापडत नाही. त्या हंगामात मी जुन्या साथींची पुस्तके वाचत होतो ती याच कुतूहलाने. वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. साथीच्या काळात सरकार बहुधा वेळ देते, पैसा सोडत नाही. आणि या दोहोंतला फरक रयतेला समजावून सांगण्याचे काम नेहमी तिसऱ्याच कुणाच्या तरी गळ्यात पडते.

महसुली मराठीत या फरकासाठी दोन नेमके शब्द आहेत : तहकुबी आणि सूट. शेतसाऱ्याची तहकुबी म्हणजे या वर्षी मागणार नाही, पुढे मागू. सूट म्हणजे सोडून दिले. सामान्य माणसाच्या कानाला दोन्ही सारखेच लागतात, कारण दोन्हींत आज पैसे द्यावे लागत नाहीत. कळते ते पुढच्या वर्षी, दोन वर्षांचा सारा एकदम मागितला जातो तेव्हा.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता आणि दख्खनमध्ये दुष्काळ पडला होता. मुंबई रिकामी होऊन माणसे कोकणात आणि घाटावर पळत होती, आणि हप्त्याची वेळ जवळ येत होती. पनवेल तालुका तेव्हा कुलाबा जिल्ह्यात होता. १८८३ पर्यंत तो ठाण्यात होता, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते थेट १९८१ मध्ये. या हंगामात टिळकांच्या प्रभावाखाली आलेल्या पुण्याच्या सार्वजनिक सभेने जे केले ते मला आमच्या धंद्याचे पूर्वरूप वाटते. सरकारचाच फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात साऱ्याची तहकुबी कधी, सूट कधी, मजुरीची कामे कधी काढायची याची सरकारनेच घालून दिलेली नियमावली, सभेने मराठीत आणली आणि गावोगाव कार्यकर्ते पाठवून लोकांना समजावली. ‘केसरी’तून टिळक हेच सांगत होते, की पीक बुडाले असेल तर सारा भरण्यासाठी गुरे आणि जमीन विकू नका, नियम तुमच्या बाजूचा आहे.

यात बंडासारखे काही नव्हते. छापील सरकारी पुस्तक वाचून दाखवणे एवढेच ते काम. तरी काही कार्यकर्त्यांवर खटले झाले आणि १८९७ मध्ये मुंबई सरकारने सभेची मान्यताच काढून घेतली. लोकांनी नियम मोडलेला सरकारला एक वेळ चालतो. लोकांना नियम पाठ असलेला त्या सरकारला चालला नाही, असे मी म्हणेन. त्याच फेब्रुवारीत, ४ तारखेला, साथरोग प्रतिबंधक कायदा झाला. एकशे तेवीस वर्षांनी, १३ मार्च २०२० पासून, महाराष्ट्राने लागू केला तो हाच कायदा.

दुसरे उदाहरण १९१८ चे. गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यात पीक बुडाले होते, महागाई होती आणि जोडीला प्लेग होता. चार आण्यांच्या आत पीक आले तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा, असा नियम होता. सगळा झगडा आणेवारीचा : अधिकारी म्हणत पीक चार आण्यांच्या वर आहे, शेतकरी म्हणत खाली आहे. गांधीजींनी सत्याग्रह मांडला तो सूट मागण्यासाठी नव्हे, तहकुबीसाठी. न भरणाऱ्यांना चौथाईच्या नोटिसा गेल्या, म्हणजे थकलेल्या रकमेच्या चौथ्या हिश्शाइतका दंड. गांधीजी आणि वल्लभभाई दोघे बॅरिस्टर, आणि त्यांनी गावोगाव फिरून पिकाचे हिशेब गोळा केले. हा लढा आपण स्वातंत्र्याच्या इतिहासात वाचतो. मला तो आकारणीवरच्या हरकतीचा फार मोठा अर्जही वाटतो.

प्राप्तिकराचा प्रवास यापासून वेगळा आहे. जेम्स विल्सनने आणलेला भारतातला पहिला प्राप्तिकर २४ जुलै १८६० ला सुरू झाला आणि तीन आठवड्यांच्या आत, ११ ऑगस्टला, विल्सन कलकत्त्यात हगवणीने वारला. १८८६ च्या कायद्याने हा कर कायमचा बसला. पाचशे रुपयांच्या आतले उत्पन्न आणि शेतीचे उत्पन्न त्यातून वगळले. शेती वगळल्यामुळे आपट्यासारख्या गावाचा प्राप्तिकराशी जवळजवळ शतकभर संबंधच नव्हता. गावाला सारा ठाऊक होता, तलाठी ठाऊक होता. एक योगायोग मात्र गमतीचा आहे. महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होते आणि ३१ जुलैला संपते, आणि प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायची नेहमीची तारीखही ३१ जुलैच. आमच्याकडचे एक म्हातारे गृहस्थ रिटर्नला अजून ‘जमाबंदी’ म्हणतात. त्यांना दुरुस्त करण्याचे मला कधी कारण दिसले नाही.

मग गावात प्राप्तिकर आला कुठून? आधी रसायनी आणि पाताळगंगा परिसरातल्या कारखान्यांच्या पगारातून. हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्ससारख्या कंपनीत लागलेला मुलगा घरातला पहिला करदाता झाला. मग भूसंपादन आले. पनवेल तालुक्यात गेली पन्नास वर्षे जमीन जाते आहे : नवी मुंबईसाठी, रस्त्यांसाठी, रेल्वेसाठी, विमानतळासाठी. मोबदला देताना उगमस्थानी कर कापला जातो, आणि ज्याने आयुष्यात कधी विवरणपत्र पाहिले नाही अशा शेतकऱ्याच्या नावे २६एएसमध्ये एकदम लाखांचे आकडे उमटतात. मोबदला करमुक्त आहे की नाही हे कोणत्या कायद्याखाली जमीन घेतली यावर ठरते. २०१३ च्या कायद्याखालच्या निवाड्याला करमाफी आहे, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढून ते स्पष्टही केले. पण वाढीव मोबदल्यावरच्या व्याजाचा हिशेब निराळा. त्यातले निम्मे वजा होऊन निम्म्यावर कर लागतो. कापलेला पैसा परत मिळवायचा तर रिटर्न भरायलाच हवे. आमच्या हंगामाचा मोठा हिस्सा म्हणजे हेच : जमीन गेलेल्यांचे पैसे परत आणणे.

हे काम करणारे सगळे सीए नसतात. बी.कॉम. झालेला, आधी एखाद्या सीएकडे काम केलेला, मग बाजारपेठेत टेबल टाकून बसलेला माणूस तालुक्याच्या प्रत्येक गावात भेटेल. सरकारने २००६ मध्ये पदवीधरांना शिकवून ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ तयार करण्याची योजनाही काढली होती. करदात्याकडून घ्यायच्या फीला २५० रुपयांची मर्यादा होती. योजना फारशी रुजली नाही. माणसाला शिक्क्यापेक्षा ओळख लागते. आपल्या पासबुकात काय आहे हे तो ओळखीच्यालाच दाखवतो.

टाळेबंदीने घाव घातला तो या ओळखीवरच. एरवी रिटर्न म्हणजे प्लास्टिकची पिशवी. पिशवीत पासबुक, फॉर्म १६, विम्याच्या पावत्या, मुलांच्या फीच्या पावत्या, कधी चुकून रेशनकार्ड. ती टेबलावर रिकामी करायची आणि माणसाशी बोलत बोलत कागद निवडायचे. ‘ही पावती कसली?’ या प्रश्नातून निम्मे उत्पन्न सापडते. २०२० मध्ये पिशवीच्या जागी व्हॉट्सअॅप आले. तिरके, सावली पडलेले, अर्धे पान कापलेले फोटो यायला लागले. आयएफएससीतला शून्य आहे की ओ आहे, हे विचारायला तीन तीन फोन करावे लागत.

आणि ओटीपी. विवरणपत्र भरून झाले तरी पडताळणी झाल्याशिवाय ते भरलेच नाही असे कायदा मानतो. पडताळणीची सोपी वाट म्हणजे आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणारे सहा आकडे. पण आधार काढला तेव्हाचा नंबर मुलाचा, मुलाने कार्ड बदललेले, आणि नंबर बदलून घ्यायचा तर आधार केंद्र बंद. दुसरी वाट म्हणजे सही केलेली एकपानी पावती टपालाने बेंगळुरूला पाठवणे, तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकशे वीस दिवसांच्या आत. अनेकांच्या जुन्या वर्षांच्या पावत्या अशाच अडकल्या होत्या. १३ जुलै २०२० ला मंडळाने परिपत्रक काढून २०१५-१६ ते २०१९-२० या आकारणी वर्षांच्या राहिलेल्या पडताळण्यांना ३० सप्टेंबरपर्यंत एकवेळची संधी दिली. त्या हंगामातले मला सगळ्यात उपयोगी वाटलेले परिपत्रक हेच. वर्तमानपत्रांत त्याला दोन ओळी मिळाल्या असतील.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. जिल्ह्याच्या बऱ्याच भागांत वीज आणि मोबाइल कित्येक दिवस बंद राहिले. जून महिन्यातच रिझर्व्ह बँकेने पनवेलच्या कर्नाळा नागरी सहकारी बँकेवर निर्बंध घातले. खात्यातून पाचशे रुपयांच्या वर काढता येईनात. पुढे ऑगस्ट २०२१ मध्ये त्या बँकेचा परवानाच रद्द झाला. ज्यांनी परताव्यासाठी तिथला खाते क्रमांक दिला होता त्यांचा क्रमांक बदलायचा, आणि त्यासाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडायचे. पण लोक बँकेच्या दारात जायलाच घाबरत होते. साथ, वादळ आणि बँक अशा तीन गोष्टी एकाच तालुक्यावर एकाच महिन्यात आल्या. दिल्लीतल्या परिपत्रकात यांपैकी एकीची नोंद होती.

तारखांचे तर विचारू नये. २०१८-१९ च्या विवरणपत्राची मुदत ३० जून झाली, मग ३१ जुलै, मग ३० सप्टेंबर, मग ३० नोव्हेंबर. २०१९-२० ची ३१ जुलैची ३० नोव्हेंबर झाली, मग ३१ डिसेंबर, आणि ३० डिसेंबरला, म्हणजे एक दिवस आधी, १० जानेवारी २०२१. फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जूनवरून १५ ऑगस्टवर गेली, म्हणजे त्याआधी नोकरदाराचे काम हातात घेऊन उपयोग नव्हता. ऐंशी-सीची गुंतवणूक ३१ जुलै २०२० पर्यंत करता आली, आणि ती दाखवायला विवरणपत्रात एक नवा तक्ता आला. प्रत्येक वाढीव तारीख कृपेसारखी जाहीर होत होती आणि ती गरजेचीही होती. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण प्रत्येक वेळी शेवटच्या आठवड्यापर्यंत ती मिळेल की नाही हे ठाऊक नसे. म्हणून काम शेवटची तारीख धरूनच करायचे, रात्री जागायच्या, आणि मग कळायचे की अजून महिना आहे. अशिलांना एकदा कळले, की तारीख वाढते, मग ते कागद द्यायचे थांबले. हंगाम संपेना, फी येईना. मुदत वाढली म्हणून काम कमी झाले नाही, ते फक्त ताणले गेले.

आणि याच ठिकाणी जुना शब्द परत आला. जून २०२० च्या अधिसूचनेने विवरणपत्राची तारीख नोव्हेंबरवर नेली, पण त्यात एक अट होती : भरायचा उरलेला स्वयं-आकारणी कर एक लाखाच्या वर असेल, तर कलम २३४ए च्या व्याजाला मूळ तारीखच लागू. म्हणजे कागद नोव्हेंबरमध्ये द्या, चालेल; पैसे ३१ जुलैला द्या, नाहीतर महिन्याला एक टक्का व्याज. बातमी वाचणाऱ्याने वाचले, ‘मुदत वाढली’. अट वाचली आम्ही. एका ट्रकमालकाला मी हे फोनवर समजावत होतो. त्याचे ट्रक एप्रिल-मे उभे होते, पण कर आदल्या वर्षाच्या चांगल्या धंद्यावरचा होता. तो म्हणाला, “सरकारने पुढं ढकललंय ना साहेब, टीव्हीवर दाखवलं. तुम्हीच कशाला मागं लागताय?” त्याचा हप्ताही बँकेने पुढे ढकलला होता. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला तीन महिन्यांसाठी दिलेली ती सवलत पुढे ३१ ऑगस्टपर्यंत गेली. तीही तहकुबीच, व्याज चढतच होते. त्याने कर भरला ऑक्टोबरमध्ये, तीन महिन्यांच्या व्याजासकट. माझा राग सोडायला त्याला आणखी थोडा वेळ लागला.

दुसरी अडचण अशीच न दिसणारी. एरवी मुदत चुकली तर डिसेंबरअखेरपर्यंत पाच हजारांच्या विलंब शुल्कात सुटका असे, त्यापुढे दहा हजार. २०२० मध्ये मुदतच डिसेंबरअखेर आणि मग जानेवारीत गेल्यामुळे पाच लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांसाठी मधली पायरीच उरली नाही. १० जानेवारीनंतर थेट दहा हजार. त्या तारखेपर्यंत देशात ५ कोटी ९५ लाख विवरणपत्रे दाखल झाली. हा आकडा सरकारने समाधानाने जाहीर केला, आणि तो खरोखर मोठा आहे. त्यामागे किती फोन होते ते कुणी मोजले नाही.

२०२१ च्या हंगामात काम सोपे व्हायला हवे होते. तसे झाले नाही. ७ जूनला नवे ई-फायलिंग पोर्टल सुरू झाले आणि पहिल्या दिवसापासून देशभर तक्रारी आल्या. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारला. मुदत वाढलेली असतानाही प्रणाली काहींना व्याज आणि विलंब शुल्क लावत होती. ती चूक १ ऑगस्टला दुरुस्त केल्याचे खात्यानेच सांगितले. मुदत ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर. त्या शेवटच्या दिवशी एका दिवसात ४६ लाखांहून अधिक विवरणपत्रे भरली गेली. टॅक्स ऑडिटवाल्यांची तारीख १५ मार्च २०२२ वर गेली, म्हणजे एक हंगाम संपून दुसरा सुरू व्हायला दोन आठवडे उरले.

पण त्या वर्षी माझ्या यादीतली काही नावेच बदलली होती. दुसरी लाट एप्रिल-मे २०२१ ची. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते, त्यामुळे एप्रिलमध्ये गेलेल्या माणसाचे आदले वर्ष पूर्ण झालेले असते. कायद्याप्रमाणे त्याचे वर्षभराचे विवरणपत्र वारसाने भरायचे. त्यासाठी वारसाने पोर्टलवर नोंदणी करायची : मृत्यूचा दाखला, मृताचा पॅन, स्वतःचा पॅन, वारस असल्याचा पुरावा. मंजुरी आली की मृताच्या खात्यात वारसाच्या नावाने शिरता येते. २५ जून २०२१ ला केंद्र सरकारने जाहीर केले, की कोविडच्या उपचारासाठी मालकाने किंवा इतर कुणी दिलेली मदत करपात्र धरली जाणार नाही. मृत्यूनंतर मालकाने कुटुंबाला दिलेली रक्कम पूर्ण करमुक्त आणि इतरांनी दिलेली दहा लाखांपर्यंत. शोधायला गेलो तर या दोन हंगामांतली ही खरीखुरी सूट. बाकी सगळी तहकुबी. ही सूट घ्यायला मात्र कागद लागत, आणि रुग्णालयाचे कागद जपून ठेवण्याचे भान त्या दिवसांत कुणाला होते?

एका निवृत्त कामगाराच्या पत्नी मृत्यूचा दाखला घेऊन आल्या. वर्षभराचे विवरणपत्र आम्ही डिसेंबरमध्ये भरले. त्यांना वाटले, संपले. मी सांगितले, अजून एक आहे, पुढच्या हंगामात भरायचे : १ एप्रिलपासून ते गेले त्या दिवसापर्यंतचे. त्यानंतरचे ठेवींचे व्याज त्यांच्या स्वतःच्या नावे, त्याआधीचे यजमानांच्या. “तेवढ्या दिवसांत काय कमावलं त्यांनी?” त्यांनी विचारले. तेवीस दिवसांचे व्याज आणि त्या महिन्याचे थोडे निवृत्तिवेतन. कर लागत नव्हता, पण बँकेने त्या काळात कापलेले पैसे परत मिळवायचे होते. ते विवरणपत्र जुलै २०२२ मध्ये भरले. त्या वर्षी मुदत वाढली नाही. पडताळणीचे सहा आकडे त्यांच्या मोबाइलवर आले. त्यांनी ते मला एक एक करून, सावकाश वाचून दाखवले. परतावा सहा आठवड्यांनी जमा झाला, २,१४० रुपये.